दहावीत आहे, वाद चांगला घालते; वकील व्हावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी दहावीत आहे, मराठी माध्यमात. घरात कुणी वकील नाही. मी वाद छान घालते म्हणून सगळे म्हणतात वकील हो. आजोबा मात्र म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. अकरावीला कोणती शाखा घेऊ? वकिली करावी का?"

माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीच लिहिते. मी सातारा जिल्ह्यात बावीस वर्षं वकिली करते आहे. काम बहुतेक दिवाणी: जमिनी, वाटण्या, वारस, भाडेकरू.

शाखेचं आधी सांगून टाकते, कारण त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. कला, वाणिज्य, विज्ञान यांतली कुठलीही घे. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा कुठलीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचा, असे दोन रस्ते आहेत आणि दोन्हीकडून आलेली माणसं कोर्टात शेजारी शेजारी उभी राहतात. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के पुरतात. जो विषय तू आवडीने वाचशील तो घे.

आता "वाद छान घालते" याबद्दल. हे ऐकलं की मला थोडी काळजी वाटते. वाद घालणारी मुलगी म्हणजे वकील, ही समजूत टीव्हीवरून आलेली आहे. माझ्या दिवसातला बोलण्याचा वेळ मोजला तर तो फार थोडा निघेल. बाकी सगळं वाचणं, लिहिणं, ऐकून घेणं आणि पुकारा होईपर्यंत थांबणं. वकिलीचं खरं बळ कागद वाचण्यात आहे. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक गोष्ट सांगते. नावगाव अर्थातच सांगणार नाही.

माझ्याकडे एक ज्युनियर मुलगी होती. डोंगराकडच्या गावातली, मराठी माध्यमातली, घरात कुणी वकील नाही. अगदी तुझ्यासारखीच. बोलायला इतकी बुजरी की पहिले सहा महिने कोर्टासमोर तारीख मागतानाही तिचा आवाज बसायचा. तेव्हा आमच्याकडे एका बाईंचा वाटणीचा दावा होता. वडिलोपार्जित जमीन, दोन भाऊ, दोन बहिणी. बाईंचं लग्न १९८९ सालचं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण तो कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्न केव्हा झालं हा प्रश्नच उरला नाही. म्हणजे आमच्या पक्षकार बाईंना दार उघडलं ते २००५ साली.

पण त्याच कायद्यात अशीही सोय आहे की २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी मोडली जाणार नाही. भावांनी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली ती नेमकी याच धर्तीवर: वडिलांनी २००१ सालीच तोंडी वाटणी करून दिली होती. वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा, असं कायदा म्हणतो खरा, पण तोंडी वाटणीचं बोलणं गावात इतकं रुजलेलं असतं की चार साक्षीदार उभे राहून शपथेवर सांगतात. आमच्या बाई रडकुंडीला आल्या होत्या.

ती ज्युनियर मुलगी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तीन दिवस जाऊन बसली. तिने जुन्या फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या मालकीत झालेल्या बदलांच्या नोंदींच्या, नकला काढल्या आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. वडील २००९ साली वारले होते. त्यानंतरच्या वारसनोंदीत संपूर्ण क्षेत्र वडिलांच्याच नावावर दिसत होतं आणि चारही मुलांची नावं वारस म्हणून लागली होती. त्यासाठी तलाठ्याकडे दिलेल्या वर्दीत, म्हणजे लेखी अर्जात, मोठ्या भावाने स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं, की जमीन आम्हा सर्वांच्या एकत्र वहिवाटीत, म्हणजे ताब्यात, आहे. २००१ साली वाटणी झाली असेल, तर २००९ साली जमीन एकत्र कशी?

मोठ्या भावाच्या उलटतपासाला मी उभी राहिले, पण प्रश्न तिने लिहून दिले होते. एकूण तीन. ही सही तुमची का? वर्दी वाचून मगच सही केली होती का? त्यात लिहिलेलं खरं आहे का? ते तिसऱ्या प्रश्नाला बराच वेळ गप्प राहिले आणि मग "हो" म्हणाले. आवाज कुणीच चढवला नाही. मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या पक्षकार बाईंना तर काय घडलं तेही लगेच कळलं नाही. बाहेर आल्यावर त्या मुलीने त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत.

तुझा विचार करताना मला हीच मुलगी आठवली. वाद घालता येतो की नाही हे विचारू नकोस. कंटाळवाणा दिसणारा कागद शेवटपर्यंत वाचवतो का? समोरचं माणूस भरकटत बोलत असताना त्यातलं कामाचं वाक्य पकडता येतं का? घडलेली गोष्ट तारखेवार, न वाढवता लिहिता येते का? हे तपासून बघ. आणि वादाची हौस असेलच, तर शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मिळालेल्या विषयाची, स्वतःला न पटणारी बाजू घेऊन बोलून बघ. तीही प्रामाणिकपणे मांडता आली तर ते या कामाला उपयोगी पडणारं कौशल्य आहे.

आजोबांच्या म्हणण्याबद्दल. ते चुकीचं सांगत नाहीत. वरच्या दाव्याचा निकाल लागायला कितीतरी वर्षं गेली, आणि हुकूमनामा झाल्यावरही शेतजमिनीचं सरस-निरस, म्हणजे चांगली-हलकी जमीन बघून, वाटप कलेक्टरकडून व्हायचं असतं. तो आणखी वेगळा प्रवास. मधल्या काळात एक भाऊ वारले, त्यांचे वारस दाव्यात घ्यावे लागले. माणसं थकतात, पैसा जातो, नाती तुटतात. हे मी रोज बघते आणि त्याचा त्रास मला अजूनही होतो. पण कोर्टाची पायरी चढणारी सगळी माणसं अविचारी नसतात. गावकीने बाजूला ठेवलेली, भावकीने हाकललेली, नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई पायरी चढते कारण बाकीची दारं तिला बंद झालेली असतात. तिला पायरीवर भेटणारं माणूस चांगलं असावं, एवढ्यासाठी तरी हुशार मुलींनी या कामात यावं असं मला मनापासून वाटतं. आजोबांना हे माझ्या वतीने सांग. एक लक्षात ठेव, चांगला वकील अनेकांना दावा करूच नका, बसून मिटवा, असंही सांगतो.

मराठी माध्यमाची भीती तर मनातून काढूनच टाक. आमच्याकडे खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. दावे, कैफियती, जबाब, पंचनामे, खरेदीखतं, सगळं मराठीत चालतं. ज्याला गावाकडची मराठी कळते, "बांध कोरला" आणि "वहिवाट अडवली" यांतला फरक ज्याला समजतो, तो साक्षीदाराकडून खरं काढू शकतो. जुने दस्त मोडी लिपीत असतात, आणि मोडी वाचणारं माणूस शोधताना आम्ही हैराण होतो. सुट्टीत मोडी शिकलीस तर वाया जाणार नाही. मात्र इंग्रजीला पर्याय नाही. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, निकाल इंग्रजीत येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची मराठी भाषांतरं हल्ली मिळतात. एक निकाल मराठीत वाचायचा आणि मग तोच इंग्रजीत, असं केलंस तर दोन वर्षांत भीती जाईल. फाडफाड बोलता येण्याची गरज नाही, नीट वाचता आणि साधं लिहिता आलं पाहिजे.

पैशांबद्दल घरी स्पष्ट बोलून घे, कारण इथेच घरात वकील नसलेली मुलं मोडतात. पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यावी लागते, आणि अखिल भारतीय बार परीक्षाही पास व्हावी लागते. नोंदणीची फी राज्याराज्यांत भरमसाट झाली होती. ती अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बजावलं. ती रक्कम खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. हे ठीक झालं. खरी ओढाताण त्यानंतर असते. मी सुरुवात केली तेव्हा सीनियर महिन्याला हजार रुपये द्यायचे, आणि तेही दर महिन्याला मिळतीलच असं नसे. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये ज्युनियरला द्यावेत अशी शिफारस केली आहे. शिफारसच आहे ती, सक्ती नाही. वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे नाव हळूहळू एका तोंडून दुसऱ्या तोंडी जातं. पहिली चार-पाच वर्षं घरच्यांचा आधार किंवा शिल्लक लागेल असं धरूनच चल. तो आधार नसेल तर आधी एखाद्या कंपनीच्या कायदा विभागात नोकरी करून मग कोर्टात येण्यातही काही कमीपणा नाही.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल, तर तिथेही आता थेट कॉलेजातून जाता येत नाही. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, कनिष्ठ स्तरावरच्या दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी किमान तीन वर्षं वकिली केलेली असावी लागते. मला हा निर्णय योग्य वाटतो. समोर उभ्या पक्षकाराची तगमग आधी बघितलेली असावी.

प्रवेशाचं थोडक्यात: महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी असते, ती मराठीतूनही देता येते. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, पुण्याचं आयएलएस १९२४ सालचं. दोन्हींना मोठी परंपरा आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा, तीही इंग्रजीतून: १२० प्रश्न, दोन तास, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. आपल्या राज्यात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. शिक्षण चांगलं, पण खर्च वर्षाला काही लाखांत जातो. तेवढ्यासाठी मोठं कर्ज काढून मग तालुक्याच्या कोर्टात बसायचं असेल तर गणित जमत नाही. आमच्या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं आहे. आधी प्रत्येक अपिलाला मुंबई गाठावी लागायची. तुझी पिढी घरून निघून त्याच दिवशी उच्च न्यायालयात काम करून परत येऊ शकेल. आम्ही यासाठी किती वर्षं वाट बघितली ते तुला मोठी झाल्यावर कळेल.

घरात कुणी वकील नाही असं तू दोनदा लिहिलं आहेस, म्हणून एक नाव सांगते. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, आपल्या नाशिकचा. ऑक्सफर्डला १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण बायकांना वकिली करता येत नसल्यामुळे तिला कोर्टाचं दार पुढे कितीतरी वर्षं बंद राहिलं. भारतात बायकांना वकिली करता येईल असा कायदा झाला १९२३ साली. मी काळा कोट घालते तेव्हा हे साल अनेकदा मनात येतं.

परीक्षा संपली की मे महिना टाळून, कोर्टं चालू असतील अशा दिवसांत तुझ्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन बस. काही नाजूक प्रकरणं सोडली तर कामकाज उघडं असतं, कुणाचीही परवानगी लागत नाही. सकाळी अकराच्या आधी पोच. बाहेर लावलेला बोर्ड वाच, म्हणजे त्या दिवशीची प्रकरणं कळतील. मोबाइल बंद ठेव, मागच्या बाकावर बस, आत-बाहेर करताना न्यायाधीशांना किंचित मान लवव. साक्ष चालू असलेलं कोर्ट शोध. तारखा पडणाऱ्या कोर्टात बसलीस तर एका तासात कंटाळशील. दुपारच्या सुट्टीत महिला वकिलांच्या खोलीत जा आणि सांग, मी दहावीची मुलगी आहे, मला हे काम समजून घ्यायचं आहे. डब्यातली अर्धी पोळी तुझ्या हातात येईल आणि जे मी इथे लिहू शकले नाही तेही कळेल. पहिल्या दिवशी काहीच समजणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, आणि शक्य असेल तर आजोबांना सोबत घेऊन जा.