तक्त्याखालची सरासरी

प्रिय दोस्ता,

तुझा तक्ता रात्री नीट बघितला. एकंदर किती मुलं असावीत असं वाटतं, या प्रश्नाची टक्केवारी शहरी-ग्रामीण रकान्यांत बरोबर उतरली आहे, प्रत्येक रकान्याची बेरीज १०० येते. अडलो ते खाली जोडलेल्या सरासरीच्या ओळीवर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या फाइलमध्ये हा प्रश्न व्ही६१३ या नावानं असतो. 'देव देईल तेवढी' असं सांगून आकडा न देणाऱ्या बाईचं उत्तर ९६ या कोडखाली जातं. टक्केवारीला त्यानं काही होत नाही, त्या कोडची वेगळी ओळ पडते. सरासरी काढताना मात्र ती ९६ मुलंच धरली जातात. समज, १०० बायकांपैकी ९५ जणींनी २ सांगितलं आणि पाचजणींनी आकडा दिलाच नाही. खरी सरासरी २, पण तक्त्यात ६.७ छापून येईल. ६.७ दिसलं की कुणीही हटकेल. मला भीती वाटते ती दुसऱ्या चुकीची. तशी एकच बाई असेल तर सरासरी २.९४ येते, आणि २.९४ कुणालाच खटकत नाही. माझ्या पहिल्या अहवालात असाच एक आकडा छापून गेला. तो आजही मनातून जात नाही.

म्हणून मूळ रकाना टक्केवारीसाठी तसाच ठेव. सरासरीसाठी नवा रकाना करून त्यात ९६ रिकामा कर. आता सरासरीचा बेस, म्हणजे ती ज्यांच्या उत्तरांवरून काढली त्यांची संख्या, फक्त आकडा सांगणाऱ्या बायकांचा झाला, टक्केवारीचा सगळ्यांचा. पाहणीच्या छापील अहवालातही सरासरी अशीच काढतात. तुझ्या तक्त्यात दोन्ही बेस आपापल्या ओळीखाली दिसू देत.

'आर' या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये थॉमस लुम्ली यांचं 'सर्व्हे' पॅकेज वापरतोच आहोत. भार, म्हणजे हिशेबात प्रत्येक बाईच्या उत्तराला किती वजन द्यायचं तो आकडा, फाइलमधल्या व्ही००५ भागिले १० लाख इतका असतो, हे तुला ठाऊक आहे. पण फक्त ग्रामीण बायका हव्यात म्हणून आधी बाकीच्या बायकांच्या ओळी उडवून मग एसव्हीवायडिझाइन (नमुना कसा निवडला हे पॅकेजला सांगणारी आज्ञा) बांधू नकोस. आधी सगळ्या फाइलचं डिझाइन बांध, त्यातून सबसेट, म्हणजे हवा तेवढा भाग, काढ. उलट केलंस तर सरासरी तीच येईल, पण नमुन्याचे काही गट गायब झाल्यानं प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते त्याचं माप, चुकू शकते. मग एसव्हीवायबाय ही आज्ञा लावलीस की प्रत्येक रकान्याची सरासरी आणि तिची त्रुटी एकदम मिळते. मध्यक, म्हणजे उत्तरं क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, इथे नको. बहुतेक रकान्यांत तो २ येईल आणि जागा फुकट जाईल.

आणखी एक. २०१९-२१च्या फेरीत ७,२४,११५ बायकांच्या मुलाखती झाल्या, पण राज्य, वय, शिक्षण असे रकाने पाडत गेलं की एखाद्या चौकटीत वीसजणीही उरत नाहीत. अहवालात २५ ते ४९ मुलाखतींवरचा आकडा कंसात टाकतात आणि २५ पेक्षा कमी असतील तर तो न छापता तारा देतात. ही मोजणी भार न लावलेली असते. भार लावलेला बेस फुगलेला दिसू शकतो, त्यामुळे कच्ची संख्या शेजारी हवीच.

आता आधी एक कर: ९६ कोडखाली गेलेल्या बायका किती, हे शहरी आणि ग्रामीण वेगवेगळं मोज. ग्रामीण भागात त्या बऱ्याच जास्त निघाल्या, तर तिथली सरासरी कुणाची आहे हे तळटीपेत लिहावं लागेल. ती तळटीप तूच लिही आणि तक्त्यासोबत पाठव.

तुझा,
दादा