वादळामुळे जहाज लांबलं, एल/सीची तारीख आली तोंडावर: माझा कांद्याचा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि २०२१ चा मे महिना आठवला. तुमची अडचण थोडक्यात अशी: तासगावचा बेदाणा, पहिलाच कंटेनर सौदीत जेद्द्याला, न्हावा शेव्यात गेट-इन (बंदराच्या आवारात दाखल) झालेलं, वादळामुळे जहाज बाहेरच थांबलेलं, एल/सीतली (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे अटी पाळल्या तर पैसे देऊ अशी बायरच्या बँकेची हमी) शिपमेंटची शेवटची तारीख रविवारी, आणि फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट) म्हणतोय, "नैसर्गिक आपत्ती आहे, बँक दोन-चार दिवस समजून घेते." हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय, आणि त्यावर विश्वासही ठेवलाय. बँक समजून घेत नाही. उद्या सकाळी आधी बायरकडे तारीख वाढवून मागा, बाकीचं नंतर वाचा.

मी वकील नाही, बँकर नाही. पिंपळगावहून कांदा पाठवतो, वर्षाला मोजकेच कंटेनर. 

माझा एक चाळीस फुटी रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) मलेशियाला, पोर्ट क्लांगला जायचा होता. एल/सीत शिपमेंटची शेवटची तारीख १९ मे, जहाज धक्क्याला लागणार होतं १६ ला. म्हणजे हातात तीन दिवस. तेव्हा कंटेनर मिळणंच एवढं अवघड होतं की तीन दिवसही मला चैन वाटली. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याच्या बातम्या १३ तारखेपासूनच होत्या. मी त्या ऐकल्या आणि कांदाचाळीवर ताडपत्री नीट बांधून घेतली. एल/सीचा कागद उघडून बघावा हे डोक्यातही आलं नाही. १४ ला, अक्षय तृतीयेला, कंटेनर गेट-इन झाला. मुहूर्त चांगला म्हणून घरी पुरणपोळी केली होती, ते घरचे अजून ऐकवतात.

१७ मे, सोमवार. तौक्ते चक्रीवादळ मुंबईला घासून वर गुजरातकडे गेलं. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला. त्याच दिवशी बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला, त्या दुर्घटनेत सत्तरहून जास्त माणसं गेली. त्यामुळे पोर्ट का बंद केलं म्हणून शिव्या देणाऱ्यांत मी नाही. काही जण इथे "एवढ्याशा वाऱ्याला बंद करतात" असं लिहितात. ५ ऑगस्ट २०२० ला तर नाव असलेलं वादळही नव्हतं, नुसता पावसाळी वारा होता, आणि जेएनपीटीत, म्हणजे न्हावा शेव्यातच, तीन मोठ्या क्रेन आडव्या झाल्या. गुजरातच्या कांडला बंदराने १९९८ च्या जूनमधल्या चक्रीवादळात जे बघितलं ते आठवलं की बिपरजॉय वादळाच्या वेळी, २०२३ मध्ये, त्यांनी वादळ जखाऊला धडकायच्या आधीच सगळं थांबवलं याचं नवल वाटत नाही.

पण पोर्ट एक दिवस बंद म्हणजे उशीर एक दिवसाचा, हा हिशेब चुकीचा आहे. क्रेनचे बूम वर करून पिना लावतात, रिकाम्या कंटेनरच्या उंच थप्प्या कमी करतात, धक्क्यावरची जहाजं बाहेर काढतात. दोर तुटून धक्क्यावर आपटण्यापेक्षा ती खोल पाण्यात बरी. वादळ पुढे गेलं, ऊन पडलं, तरी समुद्राचा फुगवटा राहतो. जहाज बंदरात आणणारा पायलट जहाजावर चढतो तो बोटीतून लटकत्या शिडीला धरून. लाट उंच असेल तर तो चढणार नाही आणि जहाज आत येणार नाही. मग बाहेर थांबलेल्यांची रांग. तोवर इकडे बंदराच्या रस्त्यावर करळ फाट्यापासून ट्रेलर उभे, कारण दोन दिवसांचा माल एकाच सकाळी गेटवर. आणि एखादं जहाज आधीच वेळापत्रकात मागे असेल तर ते तुमचं पोर्ट सरळ गाळून पुढे जातं. तुमचा डबा मग पुढच्या जहाजावर. माझं जहाज गाळलं गेलं नाही, एवढं नशीब. ते निघालं २२ ला. बीएलवर (बिल ऑफ लॅडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) ऑन बोर्ड, म्हणजे माल जहाजावर चढल्याची, तारीख २२ मे.

तीन दिवस. या तीन दिवसांनी मला सव्वादोन लाखांना झोपवलं.

कारण १७ ला, ऐन वादळात, मी माझ्या बँकेच्या एक्स्पोर्टच्या टेबलवर फोन केला होता. (बँकेचं नाव लिहीत नाही, विचारू नका.) म्हटलं, साहेब, जहाज लांबतंय, तारखेचं काय करू? उत्तर मिळालं, "अहो वादळ आहे, ते फोर्स मेज्योरमध्ये (आवाक्याबाहेरची आपत्ती) येतं. आधी डॉक्युमेंट तर येऊ द्या, मग बघू." मी निश्चिंत. २५ ला डॉक्युमेंट दिली. त्याच टेबलवरच्या त्याच माणसाने "लेट शिपमेंट" असा शेरा मारला आणि फोर्स मेज्योरचं कलम मलाच वाचून दाखवलं. यूसीपी ६०० (एल/सीचे आंतरराष्ट्रीय नियम) चं कलम ३६. ते बँकेचं कामकाज आपत्तीत बंद पडलं तर बँकेला जबाबदारीतून सोडवण्यासाठी आहे, तुम्हाला नाही! मी विचारलं, मग १७ ला असं का सांगितलंत? "आम्ही फक्त बघू म्हणालो होतो." खरं आहे, तसंच म्हणाले होते. लेखी काही नव्हतंच.

वर एका प्रतिसादात लिहिलंय की शेवटची तारीख रविवारी आली तर आपोआप सोमवार धरतात. कृपा करून याच्या भरवशावर राहू नका. यूसीपीच्याच कलम २९ मध्ये डॉक्युमेंट सादर करायची मुदत बँकेच्या सुट्टीमुळे पुढे सरकते. शिपमेंटची शेवटची तारीख सरकत नाही, हे त्याच कलमात वेगळं स्पष्ट लिहिलंय. आणि गेट-इनची तारीख किंवा कस्टम्सची "लेट एक्स्पोर्ट ऑर्डर" (माल बाहेर पाठवायची परवानगी) हीही इथे कामाची नाही. माल जहाजावर कधी चढला, तेवढंच.

शेरा लागल्यावर चेंडू बायरच्या कोर्टात, तो उशीर मान्य करेल तर पैसे. तोवर तिकडे भाव उतरला होता. त्याने गोड बोलून डिस्काउंट मागितलं, आणि कांदा समुद्रात असताना मी काय घासाघीस करणार? मला आजही डाचतं ते हे, की १५-१६ तारखेला त्यालाच माल हवा होता. त्या दिवशी एक व्हॉट्सॲप केला असता तर त्याने हसत दहा दिवस वाढवून दिले असते. अमेंडमेंट (एल/सीतला बदल) बायरच्या अर्जावर त्याची बँक काढते, तुमच्या बँकेच्या हातात ते नाहीच. मी चुकीच्या दारात उभा होतो.

फॉरवर्डरने तेव्हा आणखी एक वाट सुचवली होती, तुम्हालाही सुचवतील: लेटर ऑफ इंडेम्निटी (काही झालं तर नुकसान भरून देऊ असं हमीपत्र) देऊन बीएल मागच्या तारखेचा करून घ्या. नको. जहाज कुठल्या दिवशी कुठे होतं हे आज कोणीही मोबाइलवर बघतो. तो सरळ फसवणुकीचा कागद होतो, आणि तुमच्या सहीचा.

इन्शुरन्सबद्दल तुम्ही लिहिलंय की "ऑल रिस्क" आहे, म्हणून काळजी नाही. त्या विम्याच्या अटींतलं, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (ए) चं, ४.५ वाचा. उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे, तो उशीर विमा असलेल्या धोक्यामुळे झाला असला तरीही. डब्यात पाणी शिरून माल भिजला तर क्लेम होऊ शकतो. नुसता थांबून माझ्या कांद्यासारखा कोंब आला तर नाही. बेदाण्याला कोंब येत नाही, त्या बाबतीत तुम्ही सुखी. मोरबीचे एक टाइल्सवाले ओळखीचे आहेत, बिपरजॉयमध्ये त्यांचे डबे मुंद्र्याला अडकले होते. "आमची फरशी नासत नाही," म्हणून ते मला चिडवायचे, मग ग्राउंड रेंटचं (बंदरातल्या जागेचं भाडं) बिल आल्यावर गप्प झाले.

ग्राउंड रेंट आणि डिटेन्शनचं (कंटेनर जास्त दिवस अडकला म्हणून घेतात तो आकार) मी थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, नियम वेगळा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये नौवहन महासंचालनालयाने लाइन्सना डिटेन्शन घेऊ नका असं सांगितलं होतं, ते अनेकांच्या डोक्यात बसलंय. ते त्या दिवसांपुरतं होतं. आता सूट हवी तर मागावी लागते. पोर्टने किंवा टर्मिनलने काढलेलं बंदचं परिपत्रक जोडून, ईमेलवर, बिल यायच्या आधी. फोनवर "करून देतो" म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत असतो.

पुढच्या वेळेसाठी, माझं वैयक्तिक मत, कोणाला अती वाटेल. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जहाजाच्या तारखेपासून एल/सीच्या तारखेपर्यंत बारा दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर मी ऑर्डरच घेत नाही. आणि पोर्ट ऑफ लोडिंगच्या रकान्यात "न्हावा शेवा" न लिहिता "भारतातलं कुठलंही बंदर" असं लिहून घेतो, म्हणजे वेळ आलीच तर हजिऱ्याला किंवा मुंद्र्याला वळता येतं. बायर याला सहसा हरकत घेत नाही. शक्य असेल तिथे एफओबीऐवजी (माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी आपली) एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतच) करा, हेही बरेच जण सांगतात. मला ते पटतं, पण माझे बायर ऐकत नाहीत, त्यामुळे उपदेश करत नाही.

तुमची पोस्ट बुधवारी रात्रीची आहे. सौदीत बँका शुक्रवार-शनिवार बंद असतात, आणि रविवारी उघडतील तेव्हा तुमची तारीख आलेलीच असेल. म्हणजे हातात उद्याचा गुरुवार, एवढाच. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. तुम्ही साडेअकराला फोन केलात तर तिकडे नऊ वाजलेले असतील, बायर ऑफिसात येत असेल. फोन झाल्यावर तेच ईमेलवर टाका, नवीन तारीख निदान दहा दिवस पुढची मागा, आणि काय झालं ते इथे कळवा.