‘बळी तो कान पिळी’ हे डार्विनचं म्हणणं नव्हे

ताई, तुमचे सासरे म्हणतात, ‘माणूस माकडापासून झाला असं पोरीला शिकवलं, तर पाप-पुण्य कशाला उरतं? मग बळी तो कान पिळी.’ मुलीला काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. मी इथे वडोदऱ्यात, दांडिया बाजारात, वर्षानुवर्षं जीवशास्त्राच्या शिकवण्या घेतल्या. हा प्रश्न दर वर्षी यायचाच. आजोबांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका.

आजच्या माकडांपासून माणूस झालेला नाही. दोघांचे पूर्वज एक, एवढंच. आणि ‘जो लायक तो टिकेल’ हे शब्द मुळात इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ चे. डार्विनने ते मागाहून घेतले. लायक म्हणजे दांडगा नव्हे. त्या त्या परिस्थितीत ज्याची पिल्लं जगतात, तो लायक. १८७१ च्या पुस्तकात डार्विन म्हणतो की, ज्या टोळीत एकमेकांसाठी धावून जाणारी माणसं जास्त, ती टोळी इतरांना भारी पडते. म्हणजे माया, सहानुभूती हीसुद्धा निसर्गातूनच आलेली. दुबळ्यांना वाऱ्यावर सोडलं तर आपल्यातलं सगळ्यात उदात्त तेच खालावेल, असंही तो लिहितो. त्याच पुस्तकात ‘रानटी’ जमातींबद्दलचा मजकूर आज वाचवत नाही. मुलगी मोठी झाली की तेही सांगा, लपवू नका.

आता आपल्या गावचंच पाहा. सरकारने शाळा चालवू नयेत, गरिबांना मदत करू नये, असं स्पेन्सरचं मत. आणि सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. दुबळ्याला मागे टाकायचं की हात द्यायचा, हे निसर्गाचा नियम ठरवत नाही, माणसं ठरवतात. आजोबांना हे नक्की पटेल, महाराजांचं नाव त्यांच्या पिढीत अजून देवासारखं घेतात.

दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम आहे म्हणून तोच उत्क्रांतीचा पुरावा, असं मात्र सांगू नका. अवतार धर्मासाठी होतो. उत्क्रांतीला असा काही हेतू नसतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहू द्या.

रविवारी दोघांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये न्या. तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. देवमाशाच्या पुढच्या, वल्ह्यासारख्या परामध्ये दंडाचं हाड असतं, मनगट असतं, बोटांची पेरंही असतात. ती दाखवा आणि आजोबांना आपला हात शेजारी धरायला सांगा.