शेजारच्या लहरींचा गोंगाट

प्रश्न : जीपीएस आणि मोबाइल नेटवर्कची फ्रिक्वेन्सी वेगळी असूनही अमेरिकेत लाइटस्क्वेअर्ड कंपनीवरून वाद का झाला?

उत्तर : फ्रिक्वेन्सी वेगळी होती, पण शेजार फारच जवळचा होता. जीपीएसचा मुख्य नागरी संकेत 1575.42 मेगाहर्ट्झवर येतो, तर लाइटस्क्वेअर्डला 1525 ते 1559 मेगाहर्ट्झच्या, मुळात उपग्रह-सेवेसाठी असलेल्या पट्ट्यात जमिनीवर मोबाइल नेटवर्कचे मनोरे उभारायचे होते. सुमारे 20,200 किलोमीटरवरून येणारा जीपीएसचा संकेत रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीखाली दबलेला असतो. त्यामुळे जवळच्या मनोऱ्याची लहर आपल्या पट्ट्यात राहूनही रिसीव्हरच्या पहिल्याच ॲम्प्लिफायरला बधिर करू शकते. शेतातले ट्रॅक्टर चालवणारे अचूक रिसीव्हर मुद्दामच रुंद पट्टा घेतात, म्हणून त्यांना हा त्रास अधिक झाला. जीपीएस रिसीव्हरमधले, शेजारच्या लहरी अडवणारे फिल्टर इतके ढिले का ठेवले, हा कंपनीचा प्रतिप्रश्न माझ्या मते अगदीच पोकळ नव्हता.

2011 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, चाचण्यांत अडथळा दिसला आणि 2012 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे लिगाडो या नावाने तिला 2020 मध्ये मंजुरी मिळाली, ती मनोऱ्यांची शक्ती दहा वॉटच्या आत ठेवण्याच्या आणि मध्ये 23 मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा सोडण्याच्या अटीवर. अमेरिकी संरक्षण खात्याचा विरोध तरीही मावळला नाही.