मागी लोक: मागणारे की मागावर निघालेले?

प्रश्न असा आला आहे: ‘नाताळात मैत्रिणीबरोबर नगरच्या एका चर्चमध्ये उपासनेला गेले होते. वाचनात “मागी लोक पूर्वेकडून आले” असं ऐकलं. मी मनात अर्थ लावला, मागी म्हणजे मागणारे, देवाला शोधत निघालेले साधक. मैत्रीण म्हणाली, छे, ते ज्योतिषी होते. मागी हा शब्द मागणे वरूनच आला ना? आणि त्यांच्यातल्या एकट्याविषयी बोलायचं तर काय म्हणायचं, मागा?’

व्युत्पत्तीपुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तुमचा कान जिथे अडखळला ती जागा फार गमतीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागी हा परका शब्द. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, तारा पाहून नवजात येशूला भेटवस्तू घेऊन आलेल्या या लोकांसाठी मूळ ग्रीकमध्ये ‘मागोय’ आहे, त्याचं एकवचन ‘मागोस’. ग्रीकांनी तो इराणकडून घेतला. जुन्या फारसीत ‘मगुश’ म्हणजे पुरोहित. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस मागी ही प्राचीन इराणातल्या मीड लोकांच्या सहा टोळ्यांपैकी एक सांगतो, आणि स्वप्नांचे अर्थ लावणं हे त्यांचं काम. लॅटिनमध्ये अनेकवचन झालं ‘मागी’ आणि तेच रूप मराठी बायबलमध्ये आलं. म्हणजे शब्द आधीच अनेकवचनी, वर आपण ‘लोक’ जोडून खात्री करून घेतली.

या घराण्याची माणसं आपल्या ओळखीची आहेत. मुंबईच्या अग्यारीतला मोबेद, म्हणजे पारशी पुरोहित, हा त्यातलाच, मूळ ‘मगुपति’. संस्कृतात सूर्याची पूजा करणारे ‘मग’ ब्राह्मण येतात. सूर्याच्या मूर्तीची प्रतिष्ठा मगांकडून करावी, असं वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. आणि इंग्रजीतून आलेलं मॅजिकही तिथलंच. खुद्द नव्या करारात हा शब्द दुसऱ्या ठिकाणी, प्रेषितांच्या कृत्यांत, एका लबाड माणसासाठी येतो आणि तिथे मराठीत सरळ ‘जादूगार’ केलं आहे. शब्द तोच, पण बाळ येशूपाशी पोचलेल्यांना जादूगार म्हणायला भाषांतरकारांची जीभ रेटली नसावी. हिंदीत ‘ज्योतिषी’ केलं, मराठीच्या नव्या सोप्या भाषांतरांत ‘ज्ञानी लोक’ दिसतं. तुमच्या मैत्रिणीचं चुकलेलं नाही, तारा पाहून निघाले म्हणजे ज्योतिषी खरेच. मला मात्र जुनं ‘मागी’ आवडतं. अर्थ लगेच कळत नाही म्हणून माणूस थबकतो, तुम्ही थबकलात तसा.

(माघी गणेशोत्सवाशी याचा काही संबंध नाही. हाही प्रश्न मला पूर्वी एकदा आला होता.)

गोव्यात तर हा शब्द नकाशावरच आहे. पणजीहून मांडवीपलीकडे पाहिलं की दिसतो तो रेईश मागूशचा किल्ला, आणि त्याच्या पायथ्याशी 1555 सालचं चर्च. रेईश म्हणजे राजे, मागूश म्हणजे हेच आपले मागी. 6 जानेवारीला तिथे तीन राजांचं फेस्त होतं, मुकुट घातलेली तीन मुलं घोड्यावरून निघतात. मत्तय मात्र राजे म्हणत नाही, तीन म्हणत नाही, आणि उंटांचा तर उल्लेखच करत नाही. भेटवस्तू तीन म्हणून माणसं तीन धरली गेली. राजे आणि उंट जुन्या करारातल्या स्तोत्रावरून आणि यशयाच्या भविष्यवाणीवरून येऊन गोठ्याच्या देखाव्यात उभे राहिले.

त्या भेटवस्तूंपैकी एकीच्या नावापाशी क्षणभर थांबतो. मराठीत ‘सोने, ऊद व गंधरस’ असं आहे. ऊद आपल्याला उदबत्तीमुळे माहीत. गंधरस म्हणजे मात्र आपला हिराबोळ. चर्चच्या परंपरेत त्याचा अर्थ गंभीर लावतात: सोनं राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मरणाला, कारण पुढे येशूच्या मृतदेहाला लावायला निकदेम नावाचा माणूस गंधरसच आणतो. माझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मरणाचं कशाला, बाळंतिणीला हिराबोळ देतातच की. शहाणी माणसं दिसतायत.’

आता मागणे. आधी व्याकरणाची अडचण. मराठीत मागणे वरून मागणी, मागणारा, मागता अशी रूपं होतात. करणारा या अर्थाने ‘मागी’ होत नाही. फसायला होतं ते योगी, त्यागी, वैरागी यांच्यामुळे. तो ‘ई’ संस्कृत इन्‌चा आहे, पण कान तेवढी चौकशी करत नाही. धर्माच्या गोष्टीत ‘ई’ने संपणारा माणूस आला की तो साधकच वाटतो.

पण मागणे हा शब्द कुठून आला ते पाहा. संस्कृत ‘मार्ग्’, प्राकृत ‘मग्गइ’, मराठी मागणे. आणि मार्ग् चा पहिला अर्थ शोधणे. याचना हा अर्थ त्यातूनच पुढे गेला, शोधता शोधता माणूस विचारतो आणि विचारता विचारता मागतो. संस्कृतात ‘मार्गण’ म्हणजे शोध आणि याचकसुद्धा. मार्ग हा शब्दही त्याच कुळातला, मूळचा मृगाचा, म्हणजे जनावराच्या पावलांचा माग. आपण अजून माग काढतो, मागावर असतो, मागोवा घेतो. तेव्हा मागी हा मागणे वरून आला नसला तरी तुम्ही मागणे ला जो ‘शोधणे’ हा अर्थ चिकटवलात, तो तुम्ही चिकटवलेला नाही, तो त्यातच होता. त्याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल, शोधा म्हणजे तुम्हांला सापडेल’ अशी दोन निराळी क्रियापदं आहेत. मुळाशी गेलं तर मराठीत ती एकच होतात.

साधक या शब्दाबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. साधकाला साधना असते, गुरू असतो, पायऱ्या असतात. मराठी बायबलमध्ये हे लोक यरुशलेमेस येऊन काय करतात? ‘विचारपूस’ करतात. किती घरगुती शब्द! गावात नवा आलेला माणूस पारावर थांबून पत्ता विचारतो तसा. बरं, विचारतात तेही चुकीच्या दारात. राजा जन्मला म्हणजे राजधानीत असणार असं धरून ते तिथला राजा हेरोद याच्या शहरात शिरतात, आणि बाळ असतं आठ-दहा किलोमीटरवरच्या बेथलेहेमात. शोध तर हेरोदही घेतो, तोही बारकाईने, पण बाळाला मारायला. म्हणून नुसतं ‘शोधणारे’ म्हटल्याने मागी आणि हेरोद वेगळे होत नाहीत. ते वेगळे होतात शोधाच्या शेवटी काय केलं त्याने: एकांनी थैल्या सोडल्या, दुसऱ्याने शिपाई धाडले.

राहिलं एकवचन. ‘मागा’ नको. योगी आला, योगी आले. ज्योतिषी आला, ज्योतिषी आले. तसंच मागी आला, मागी आले. विभक्तीत मागीने, मागींनी, मागींना. नाताळच्या नाटकात मुलांना कामं वाटताना ‘पहिला मागी, दुसरा मागी’ खुशाल म्हणा. आणि शेवटच्या प्रवेशात त्यांना आले त्या बाजूने आत पाठवू नका. हेरोदाकडे परत जायचं नाही असं त्यांना स्वप्नात कळलेलं असतं आणि ते निराळ्या मार्गाने आपल्या देशी जातात.