एकाच बजेटमध्ये छोट्या एसयूव्हीचं टॉप मॉडेल घ्यावं, मधल्या गाडीचं मधलं व्हेरिएंट की मोठ्या गाडीचं बेस?

तुमचा प्रश्न मला असा समजला: घरात तुम्ही दोघं, पाच आणि दोन वर्षांची मुलं आणि तुमच्या आई. बजेट ठरलेलं आहे आणि ते ताणायचं नाही. तेवढ्याच पैशांत एका छोट्या एसयूव्हीचं टॉप मॉडेल येतंय, दुसऱ्या, जरा मोठ्या गाडीचं मधलं व्हेरिएंट येतंय आणि तिसऱ्या, सगळ्यात मोठ्या गाडीचं बेस मॉडेल येतंय. तिन्ही तक्ते समोर ठेवूनही निर्णय होत नाहीये.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. दुसऱ्या गाडीचं मधलं व्हेरिएंट घ्या, पण मागे दोन्ही चाइल्ड सीट लावल्यावर मध्ये आई नीट बसू शकत असतील तरच. तिथे जागा पुरत नसेल तर तिसऱ्या गाडीचं बेस मॉडेल, तेही सुरक्षेची साधनं बेसमध्येच पूर्ण मिळत असतील तर. छोट्या गाडीचं टॉप मॉडेल तुमच्या घरासाठी मला पटत नाही. पाच माणसांना रोज अंग चोरून बसावं लागलं तर सनरूफ आणि मोठी स्क्रीन त्याची भरपाई करत नाहीत.

नात्यात, ओळखीत कुणी गाडी घ्यायला निघालं की ब्रोशर माझ्याकडे येतात आणि ते काम मी आवडीने करते. फीचर्सच्या तक्त्याची अडचण अशी की कर्टन एअरबॅगसमोर (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) जेवढी टिक असते, तेवढीच टिक डॅशबोर्डवरच्या रंगीत दिव्यांसमोरही असते. टिका मोजत बसलात तर प्रत्येक वेळी टॉप मॉडेलच सरस ठरणार. म्हणून मी दोन रंगांची पेनं घेते. जे नंतर बाहेरून बसवून घेता येतं ते एका रंगात: सीट कव्हर, अलॉय व्हील, स्पीकर, मागचा साधा कॅमेरा, बऱ्याचदा स्क्रीनसुद्धा. जे गाडी घेतल्यावर सहसा बदलता येत नाही ते दुसऱ्या रंगात: एअरबॅग, ईएससी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा), धडकेचा धोका दिसताच आपोआप लागणारा ब्रेक, मागच्या मधल्या सीटचा बेल्ट आणि हेडरेस्ट, मागचे एसी व्हेंट, ड्रायव्हर सीटची उंची खालीवर करण्याची सोय, हेडलाइट, इंजिन, गिअरबॉक्स. तुलना फक्त या दुसऱ्या रंगाची करायची. तीस-चाळीस ओळींचा तक्ता दहा-बारा ओळींवर येतो आणि चित्र पुष्कळ स्पष्ट होतं.

त्यातली सुरक्षेची ओळ मी सगळ्यात जास्त वेळ वाचते. घसरू लागलेल्या गाडीची दिशा ईएससी एकेका चाकाचा ब्रेक लावून सावरते; ती १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. इतक्या वर्षांनंतर ती बेसपासून मिळायलाच हवी. एखादी कंपनी ती वरच्या व्हेरिएंटपुरती राखून ठेवत असेल तर ती गाडी मी यादीतूनच काढते. मागच्या मधल्या सीटला खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन-बिंदू बेल्ट आहे की फक्त कमरेचा, हेही बघा. तुमच्या घरात तिथे आई बसणार आहेत, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही.

क्रॅश टेस्टचे स्टार बघताना शेजारचं वर्ष बघा आणि चाचणी कोणत्या साधनांसह झाली तेही वाचा. युरोपात गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचे पहिले निकाल १९९७ मध्ये आले आणि तेव्हापासून निकष कडक होत गेले. २०२० मध्ये समोरच्या धडकेची पद्धतच बदलली. पूर्वी गाडी एका जागी उभ्या असलेल्या अडथळ्यावर आदळवत, आता समोरून एक ट्रॉलीही चालत येते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार आणि आजचे पाच स्टार एका मापाचे नाहीत. काही गाड्यांना दोन निकाल मिळालेले दिसतात, एक नेहमीच्या साधनांसह आणि दुसरा जादा पैसे देऊन घेतलेल्या सेफ्टी पॅकसह. जाहिरातीतले स्टार तुम्ही घेताय त्याच व्हेरिएंटचे आहेत का, हे सेल्समनला स्पष्ट विचारा.

हेडलाइटकडे लोक दिसण्यापुरतं बघतात याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेतली आयआयएचएस ही संस्था २०१६ पासून हेडलाइटना वेगळे गुण देते आणि त्यात एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरिएंटचे गुण वेगवेगळे आलेले दिसतात. म्हणजे ‘या गाडीचे लाइट चांगले आहेत’ हे वाक्य अपुरं आहे, कोणत्या व्हेरिएंटचे ते सांगायला हवं. शक्य असेल तर टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर घ्या आणि तुम्ही घेणार तेच व्हेरिएंट मागा. शोरूम बहुधा टॉप मॉडेलच पुढे करतं.

आता तुमच्या घराचा खरा प्रश्न, म्हणजे मागची सीट. पाच वर्षांच्या मुलालाही बूस्टर, म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी सीट, लागतो. मुलाची उंची १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर वापरावा असा नियम अनेक देशांत आहे. म्हणजे पुढची काही वर्षं मागे दोन चाइल्ड सीट कायम राहणार. चाइल्ड सीट गाडीला अडकवायचे आयसोफिक्सचे हुक बहुतेक गाड्यांत फक्त दोन्ही कडांच्या सीटला असतात, त्यामुळे मोठं माणूस मध्येच बसणार. आय-साइझ या सुरक्षा-प्रमाणातली चाइल्ड सीट ४४ सेंटिमीटरपर्यंत रुंद असू शकते. तुमच्या सीट शोरूममध्ये घेऊन जा, दोन्ही लावा, मग आईंना मध्ये बसवा आणि त्यांना स्वतःच्या हाताने बेल्ट लावायला सांगा. नेमकी इथेच अडचण कळते. चाइल्ड सीटच्या कडेखाली बेल्टचं बक्कल दबतं, हात आत जात नाही, आणि बेल्ट लागला तरी मधल्या उंचवट्यामुळे पाय दोन बाजूंना फाकवून बसावं लागतं. ‘पाच आसनी’ या शब्दांवरून यातलं काहीच कळत नाही. दार किती उघडतं आणि सीट जमिनीपासून किती उंच आहे तेही आईंनाच अनुभवू द्या. गुडघे दुखत असतील तर फार उंच गाडीत चढणं आणि फार खोल सीटवरून उठणं, दोन्ही त्रासाचं.

डिकीच्या लिटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. व्हीडीए या जर्मन वाहन-उद्योग संघटनेच्या पद्धतीत डिकीत एक लिटरचे ठोकळे, २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, रचून मोजतात. कुणी वरच्या झाकणापर्यंतचा आकडा देतं, कुणी छतापर्यंतचा, आणि काही आकड्यांत डिकीच्या तळाखालचा कप्पाही धरलेला असतो. तुमची बाबागाडी घडी करून आत ठेवून बघणं हेच खरं मोजमाप. हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेलं) व्हेरिएंट बघत असाल तर डिकीच्या तळाचं झाकण उचलून स्टेपनी आहे का बघा. बॅटरीच्या जागेसाठी काही गाड्यांत ती काढून पंक्चर किट दिलेलं असतं.

मोठ्या चाकांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण वरच्या व्हेरिएंटचं हे सगळ्यात डोळ्यात भरणारं आकर्षण आहे. समजा खालच्या व्हेरिएंटला २२५/६५ आर१७ टायर आहे आणि वरच्याला २२५/५५ आर१९. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, शेवटचा रिमचा इंचांतला व्यास आणि मधला म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. पहिल्यात ती सुमारे १४६ मिलिमीटर येते, दुसऱ्यात १२४. खड्ड्याचा धक्का सोसायला बावीस मिलिमीटर रबर आणि हवा कमी. गाडी दिसते रुबाबदार, वळणावर थोडी घट्टही वाटते, पण मागच्या सीटवर धक्के जास्त जाणवतात, रिम वाकण्याचा धोका वाढतो आणि टायर बदलायची वेळ आली की १९ इंची टायर महाग पडतात. रस्ते खराब असतील तर १७ इंची चाकांना तडजोड समजू नका, तीच पसंती समजा.

सनरूफ ही घरातल्या मुलांची आवड असते, तिचा मान ठेवा, पण त्याने मागच्या सीटवर डोक्यावरची काही सेंटिमीटर जागा जाते. त्याच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या पानाकचऱ्याने तुंबल्या की पाणी आत छताच्या कापडात उतरतं. घेतलंत तर पावसाळ्याआधी त्या साफ करून घ्या.

ऑल व्हील ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देण्याची, गरज तुमच्या वर्णनात दिसत नाही. चिखल, बर्फ किंवा निसरड्या चढावर गाडी हलायला त्याचा उपयोग होतो. ब्रेक मारल्यावर थांबायला होत नाही, ते काम टायरचं आहे. वजन आणि खर्च मात्र रोजचा वाढतो.

गिअरबॉक्स शहरातल्या गर्दीवर ठरवा. ऑटोमॅटिकच्या प्रकारांपैकी टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी रांगत्या ट्रॅफिकमध्ये शांत राहतात. ड्युअल क्लच या दोन क्लचच्या ऑटोमॅटिकचा कोरडा, म्हणजे तेलात नसलेल्या क्लचचा प्रकार मोकळ्या रस्त्यावर छान चालतो, पण इंच-इंच सरकण्यात त्याचा क्लच तापतो. हायब्रिडचा हिशेब पैशांत न करता आधी लिटरमध्ये करा. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवत असाल, पेट्रोल व्हेरिएंट लिटरला १२ आणि हायब्रिड १८ किलोमीटर देत असेल, तर एकीला १,००० लिटर लागतात आणि दुसरीला सुमारे ६६७. वर्षाला वाचतात ३३३ लिटर. त्याला तुमच्या पेट्रोलच्या दराने गुणा आणि दोन व्हेरिएंटच्या किमतीतल्या फरकाला त्या आकड्याने भागा, म्हणजे किती वर्षांत पैसे वसूल होतात ते कळेल. हा फायदा मुख्यतः शहरात थांबत-चालत मिळतो. तुमचं बरंचसं चालवणं हायवेवर असेल तर मायलेजमधला फरक कमी धरा.

किमतींची तुलना मी पायरीने करते. बेसची ऑन-रोड किंमत १०० धरा. समजा दुसरं व्हेरिएंट १०७, तिसरं ११८ आणि टॉप १३०. आता प्रत्येक पायरीच्या फरकात तुमच्या दुसऱ्या रंगातलं काय काय मिळतं ते लिहा. ७ मध्ये कर्टन एअरबॅग, मागचे व्हेंट आणि मधला बेल्ट मिळत असेल तर ती पायरी सोन्याची. ११ मध्ये सनरूफ, मोठी चाकं आणि मोठी स्क्रीनच मिळत असेल तर ती पायरी सोडा. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपोआप लागणारा ब्रेक फक्त टॉपला असतो आणि त्यासाठी चामडी सीट, थंड हवेच्या सीट, सगळंच घ्यावं लागतं. अशा वेळी तीच एक गोष्ट दुसऱ्या कंपनीत कुठल्या पायरीवर आहे ते शोधा. ती तिथे दुसऱ्याच पायरीवर मिळत असेल, तर शोरूममधली तुमची तुलना पहिल्या कंपनीच्या टॉपशी आणि दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या व्हेरिएंटशी व्हायला हवी. बेसशी बेस आणि टॉपशी टॉप लावून काही हाती लागत नाही, कारण व्हेरिएंटच्या पायऱ्या प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने पाडते.

टॉप मॉडेलचा खर्च गाडी घेतल्यावरही चालू राहतो. काचेमागे ब्रेकसाठी कॅमेरा असेल तर पुढची काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, करावं लागतं. बंपरमधले सेन्सर आणि महागडे एलईडी हेडलाइट किरकोळ धक्क्याचंही बिल वाढवतात. म्हणून आपोआप ब्रेक नको असं मी म्हणणार नाही, तो हवाच. फक्त विम्याचा हप्ता व्हेरिएंटनुसार आधी विचारून घ्या. मोबाइलवरून गाडी सुरू करण्यासारख्या सोयी किती वर्षं मोफत आहेत आणि नंतर वर्गणी किती, हेही त्याच वेळी विचारा.

शेवटी कागद. तोंडी किंमत आणि तोंडी फीचर्स धरू नका. कोटेशनवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव, गिअरबॉक्स, मॉडेलचं वर्ष आणि उत्पादनाचा महिना लिहून घ्या. वर्षाच्या मध्यात कंपन्या व्हेरिएंटमधून एखादी गोष्ट काढतात किंवा घालतात, नाव मात्र तेच ठेवतात. त्यामुळे जुन्या व्हिडिओतलं फीचर आज मिळणाऱ्या गाडीत असेलच असं नाही. डिलिव्हरीच्या दिवशी पैसे पूर्ण देण्याआधी त्या दहा-बारा ओळींचा कागद घेऊन गाडीभोवती फिरा: मधला बेल्ट ओढून बघा, आयसोफिक्सच्या फटीत बोट घाला, टायरवरचा आकडा वाचा, स्टेपनी उचलून बघा.