वाचक विचारतात : आईबाबांची पहिली सुट्टी, मुलांविना

प्रश्न : मुलगा 13 महिन्यांचा आहे. मैत्रिणींबरोबर शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दिवेआगरला जायचं ठरलंय. तो रात्री दोनदा अंगावर पितो आणि माझ्याशिवाय कुणाकडेही झोपत नाही. घरी नवरा आणि सासूबाई असतील. दूध काढून ठेवायला किती दिवस आधी सुरुवात करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : दुधाची काळजी कमी करा, झोपेची जास्त. वर्ष उलटलेल्या मुलाला दोन दिवस उकळून कोमट केलेलं गाईचं किंवा म्हशीचं दूध कपाने दिलं तरी चालतं. दिवसाला दोन कप, म्हणजे साधारण 400 मि.ली. पुरे. आजीने लाडाने चार कप पाजले तर वरणभात ताटात राहील आणि सासूबाई म्हणतील, "आईच्या आठवणीने जेवत नाही."

काढून ठेवायचंच असेल, तर दूध फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. तिथे ते 4 दिवस टिकतं. डीप फ्रीजमधलं दूध वितळल्यावर 24 तासांत संपवायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. बाटली कोमट पाण्यात धरून तापवावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध सगळीकडे सारखं तापत नाही, एखादा घोट तोंड भाजणारा निघतो. उष्टं दूध दोन तासांनी टाकून द्यायचं, त्यात कंजुषी नको.

आता झोप. या वयात मूल रात्री उठतं ते बहुतेक वेळा भुकेने नव्हे. पुन्हा झोपायची त्याला एकच रीत माहीत असते, तुमच्या कुशीतली. दुसरी रीत लागायला आठ-दहा रात्री धरा. पहिले तीन-चार दिवस फक्त सुरुवातीची झोप बाबांनी लावायची. तेवढा वेळ तुम्ही घराबाहेर चक्कर मारून या. शेजारच्या खोलीत थांबलात तर तुमच्या बांगड्यांचा आवाजही त्याला पुरतो. मग पुढचे तीन-चार दिवस मध्यरात्रीच्या पहिल्या उठण्यालाही बाबाच. शेवटी एक अख्खी रात्र तुम्ही दुसरीकडे झोपा. रंगीत तालीम म्हणा.

बिघडतं ते इथे : मूल वीस मिनिटं रडतं, सासूबाईंना बघवत नाही, तुम्ही धावत जाऊन अंगावर घेता. मग वीस मिनिटं रडलं की आई येते हेच ते शिकतं, आणि दुसऱ्या रात्री ते तीसवर जातं. त्याला एकटं रडत ठेवायचं नाहीये. बाबा उचलतील, थोपटतील, पाणी देतील, फक्त माणूस बदलायचा नाही. ताप असेल, दात येत असतील किंवा नुकतीच लस टोचली असेल, तर तो आठवडा सोडा.

आणि तुमचं स्वतःचं. दोन रात्री दूध साचलं तर छाती दगडासारखी होते. सकाळी, दुपारी आणि झोपण्यापूर्वी हलकं वाटेपर्यंतच दूध काढा. पूर्ण रिकामं करायला गेलात तर शरीर आणखी बनवतं. एका जागी लाल, गरम, दुखरी गाठ आणि अंगात ताप असेल, तर घरी परतायची वाट न पाहता डॉक्टर गाठा. दोन दिवसांनी दूध आटत नाही, ती भीती सोडा.

प्रश्न : मुलं 2 आणि 6 वर्षांची. आम्ही दोघंही जाणार, माझे आईवडील आमच्या घरी येऊन राहतील. औषधांची काय तयारी ठेवू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आजीआजोबांना तुमच्याच घरी बोलावताय, हे उत्तम. पहिल्या वेळी मुलांचं अंथरूण बदलू नये.

तापाच्या औषधात सगळ्यात मोठा घोटाळा बाटलीचा होतो. पॅरासिटामॉल तीन ताकदींत मिळतं : थेंबांच्या बाटलीत साधारण 1 मि.ली.ला 100 मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये 5 मि.ली.ला 120 किंवा 125, आणि जादा ताकदीच्या सिरपमध्ये 5 मि.ली.ला 250. आजोबांनी थेंबांच्या बाटलीतून "एक चमचा" दिला तर 500 मिलिग्रॅम जातात, 12 किलोच्या मुलाला एका वेळी लागणाऱ्या औषधाच्या जवळपास तिप्पट. म्हणून घरात प्रत्येक मुलासाठी एकच बाटली ठेवा, बाकीच्या बाटल्या कपाटात कुलपात. हल्लीच्या वजनावरून डॉक्टरांकडून मात्रा मि.ली.मध्ये लिहून घ्या, बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव आणि मात्रा लिहा आणि मापाच्या पिचकारीवर त्या रेघेला मार्करने खूण करा. दोन मात्रांत 6 तास, दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक वेळ फ्रीजवरच्या कागदावर. नाहीतर आजी देते आणि तासाभराने आजोबाही देतात.

जुलाबांसाठी ओआरएसची पुडी. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, उरलेलं 24 तासांनी ओतून द्यायचं. "थोडंसंच लागणार" म्हणून अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात घातली की मीठ जास्त होतं आणि मूल उलटी करतं. टेट्रापॅकमधली गोड पेयं त्याला पर्याय नाहीत.

धोका तुमच्या औषधांपेक्षा आजीआजोबांच्या औषधांचा जास्त आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची, वारांचे कप्पे असलेली डबी उशीशेजारी किंवा पर्समध्ये असते, आणि दोन वर्षांच्या मुलाला ती खुळखुळ्यासारखी वाटते. आल्या आल्या ती वरच्या फळीवर. मुलाने एखादी गोळी गिळल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट बघू नये. पाकीट बरोबर घेऊन थेट दवाखाना, रुग्णवाहिकेसाठी 108.

न्हाणीघराची आतली कडी आधीच काढून टाका. भरलेली बादली तशीच ठेवू नका. लहानग्याला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न नकोत, द्राक्षं उभी चिरून. आईचे गुडघे दुखत असतील तर अंघोळ पाटावर बसवून तांब्याने.

एका पाकिटात लसीकरणाचं कार्ड, दोघांची वजनं, ॲलर्जी, बालरोगतज्ज्ञांचा नंबर, विम्याच्या कार्डाची प्रत आणि दोन हजार रुपये रोख ठेवा. वडिलांचं यूपीआय ऐनवेळी अडकतं.

प्रश्न : मुलगी 3 वर्षांची. आई म्हणते, ती झोपली की गुपचूप निघ. बरोबर आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. निघताना रडणं टळतं, पण पुढचे काही दिवस तुम्ही नुसतं स्वयंपाकघरात गेलात तरी ती मागे येईल. आदल्या दिवशी सांगा. "शनिवार-रविवार" तिला कळत नाही, "दोन रात्री झोपायचं, मग आई" कळतं. दारावर दोन चिठ्ठ्या चिकटवा, रोज सकाळी आजीबरोबर एक काढायची. निघताना एक पापा, "येते गं", आणि मागे वळायचं नाही.

परतायची नेमकी वेळ सांगू नका. रविवारी संध्याकाळी बोरघाटात गाडी अडकली की ती दाराशी बसून राहील. व्हिडीओ कॉल नाश्त्यानंतर, पाच मिनिटं. झोपायच्या वेळी अजिबात नको.

घरी आल्यावर ती कदाचित पाठ फिरवेल, आजीलाच बिलगेल. ओढून घेऊ नका, शेजारी बसून राहा. आणि "आजीला त्रास दिलास का?" हा प्रश्न तिच्यादेखत विचारू नका.

प्रश्न : शनिवारी शाळा असते, मुलाला मावशी आणणार आहे. शाळेत काय सांगून ठेवू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शुक्रवारीच वर्गशिक्षिकांना मावशीचं नाव आणि नंबर लेखी द्या, पालकांचं ओळखपत्र शाळेने दिलं असेल तर ते मावशीकडे द्या. व्हॅनवाल्या काकांनाही वेगळं सांगा, शाळेचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही.